पगार पुरला

लग्नानंतर आरमोरीकडे माहेरी गेले, की बाबा एकच विचारायचे. पोरगी सुखात आहे का, नातीची तब्येत कशी, काही नाही. आपलं एकच, "मास्तरचा पगार पुरते का?" असा राग यायचा मला!

राग यायचा, कारण पुरत नव्हता. कुरखेड्यापलीकडच्या जंगलातल्या त्या गावात शाळा म्हणजे एक खोली आणि आमचे मास्तर. पगार यायचा रडतखडत. पोरांचे मायबाप वांगी-तांदूळ आणायचे, तर हे हात जोडून परत पाठवायचे. "सरकार पगार देते ना मले!" देते हो, पण चुलीला कोण सांगणार?

शेवटी बाबांनी सांगून टाकलं, "यंदाची मळणी होऊ दे. तरी पुरला नाई, तं बंडी जुंपून येतो आन तुले न् पोरीले घेऊन जातो. जवाईबापूनं मास्तरकी सोडावी, आमची शेती पाहावी."

म्हणजे घरजवाई! मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. फळ्यापुढे उभे राहिले की हा माणूस कसा उजळायचा, ते मी पाहिलं होतं. तो सासऱ्याच्या हुकमावर चिखल तुडवणार? माझ्या जिवंतपणी नाही.

मृगाच्या तोंडावर पगार आला. तांदळापुरता ठेवला आणि उरलेल्याचं हळदीचं बेणं आणलं. परसात आंब्याच्या सावलीला वाफे करून लावून टाकलं. विहिरीवर बाया हसल्या, "मास्तरीणबाईनं पगार मातीत घातला व माय!" मास्तरांना तर गावातून जायची चोरी झाली. मी म्हटलं, हसा किती हसता ते.

पावसाळाभर रानात फुकट उगवणारी तरोट्याची भाजी खाल्ली. पोरीला माझ्या जुन्या लुगड्याचं झंपर शिवलं. हिवाळा सरता सरता पानं वाळली आणि मी कुदळ घातली. अगं बाई, काय एकेक गड्डा! एकटीच परसात बसून मोठ्यानं हसत सुटले. मग हळद शिजवायला मास्तरसुद्धा धोतर खोचून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचे पिवळे हात पाहून पोरं विचारती झाली, "गुरुजी, कोनाचं लगन हाय?"

लग्नसराई तोंडावरच होती. हसणाऱ्या बायाच आधी आल्या, सूप घेऊन.

बाबा बोलल्याप्रमाणे आले. बंडीत आमच्यासाठी धानाच्या तणसाची जाड गादी, वर घोंगडी. पाणीही न पिता विचारलं, "पुरला का पगार?"

"पुरला."

"आपोआप?"

"आपोआप कायले पुरन, बाबा? मी पुरला. परसात."

हाताला धरून त्यांना ओसरीवर नेलं. वाळलेल्या हळदीचा ढीग पाहून बाबा खाली बसले. एक कांडी मोडली, आतला रंग पाहिला, वास घेतला. जन्मभर शेती केलेला माणूस, त्याला काय समजावायचं? कांडी परत ढिगावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "तुह्या भावाचं लगन हाय ना. घरी हळद लागन."

"लागन ना. बाजारभावानं देतो."

"बापाले?"

"बापालेच!"

बाबा असे हसले की बैल बिचकले. दाराआड उभे असलेले मास्तर बाहेर आले, तेव्हा त्यांनी "या, मास्तर" म्हणून सरकून जागा दिली. जवाईबापू नाही, मास्तर!

दुपारी बंडी परत निघाली. माझ्यासाठी अंथरलेल्या त्या तणसाच्या गादीवर माझ्या हळदीचं पोतं ऐटीत बसून माहेरी गेलं.