मेंढीकोटाची मिसल

आत्मपरीक्षण ही माणसाच्या हातून होणारी सर्वांत अवघड गोष्ट आहे. स्वतःच्या चुका स्वतः शोधायच्या, त्या कागदावर मांडायच्या आणि कोणाचीही भीड न ठेवता त्यांचा निवाडा करायचा, याला धैर्य लागते. ते धैर्य मी निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत, अंबडला वकिली करत असताना, एका दोनशे पानी वहीत दाखवले. वही पत्त्यांच्या डावांची होती.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे. दुपारची जेवणे झाली की आम्ही चौघे तहसीलदारसाहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात मेंढीकोट खेळायला जमत असू. साहेब हैदराबादचे. तिथल्या बड्या क्लबांत आपण कोणाकोणाला हरवले हे ते अधूनमधून सांगत. हरलेल्यांपैकी एकही अंबडला कधी येण्यासारखा नसल्याने ती हकीकत तपासायची सोय नव्हती. इतर लोक पत्ता टाकतात. साहेब तो जारी करत. हात खांद्याच्या वर जाई, क्षणभर थांबे, आणि मग चौकटची चव्वी सरकारी हुकुमासारखी सतरंजीवर येऊन पडे. त्यांचे भिडू कचेरीतले पेशकार. साहेबांनी दुर्री टाकली तरी पेशकार मान हलवून म्हणत, "क्या दूर की सोची, सरकार!" मला त्या माणसाची मनापासून किळस येई. इतकी लाचारी मी फक्त अर्जांच्या मायन्यात पाहिली होती, आणि निदान ते अर्ज लिहिणारे त्याचे पैसे घेत.

माझे भिडू शाळेचे हेडमास्तर. त्यांची पेन्शन मंजूर झाली होती, त्यामुळे त्यांना आता जगात कोणाकडून काही नको होते, एक गोष्ट सोडून. गाव सोडण्याआधी त्यांना साहेबांना एकदा हरवायचे होते. आणि आम्ही सहा महिने सलग हरत होतो.

मेंढीकोट सोपा खेळ आहे. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या; समोरच्याची मेंढी हुकमाच्या पानाने मारली की ती आपली. ज्या जोडीला जास्त मेंढ्या मिळतील ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. एवढ्यासाठी मास्तरांनी एका शुक्रवारी परतताना मला रस्त्यात थांबवले.

"वकीलसाहेब, दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाई जमलं तर डाक्टरला घेतो."

डॉक्टर म्हणजे सरकारी दवाखान्यात जालन्याहून नुकतेच आलेले एक तरुण गृहस्थ.

"डॉक्टरला मेंढीकोट येतो?"

"शिकून राह्यलाय. तुम्हाला तर येतोच म्हणता."

हा टोमणा मी सहन केला असता. पण त्या व्हरांड्यातली जागा जाणे मला परवडणारे नव्हते. शुक्रवारी बाजारासाठी गावात येणारे लोक बंगल्यावरून जाताना मला साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसलेला पाहत, आणि शनिवारी माझ्याकडे वकीलपत्र घेऊन येत. माझे कायद्याचे ज्ञान त्यांनी कधी तपासले नाही. साहेबांपासून मी किती हातांवर बसतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

म्हणून वही. दर शुक्रवारी घरी आल्याबरोबर मी हरलेला प्रत्येक डाव आठवून लिहू लागलो. आमची कोर्टे उर्दूत चालत आणि मला लिहायची दुसरी रीत येत नव्हती, तेव्हा प्रत्येक डावाची मी मिसल, म्हणजे खटल्याची फाईल, केली. मुकदमा नंबर, गुन्हा, गवाही, जिरह म्हणजे उलटतपासणी, फैसला. मुलजिम मी, माझा वकील मी आणि मुन्सिफही मीच. निकाल निःपक्षपाती लागावेत याची मी फार काळजी घेतली. दसरा तीन आठवड्यांवर आला तेव्हा चाळीस मुकदमे निकाली निघाले होते. एकतीस डावांत दोष मास्तरांचा होता, सहांत नशिबाचा. उरलेल्या तिनांत माझा होता, पैकी दोनांत मी स्वतःला संशयाचा फायदा दिला.

ती वही मी मास्तरांना वाचायला दिली. आता वाटते, असा मूर्खपणा फक्त वकिलाला सुचू शकतो. आपला कागद व्यवस्थित झाला की समोरच्याला पटलेच, अशी त्याची समजूत असते.

चार दिवसांनी वही परत आली. मास्तरांनी ती लाल शाईने तपासली होती. पहिल्या पानावर शेरा होता, 'अक्षर सुवाच्य.' त्यापुढे एकोणीस ठिकाणी एकाच वाक्याखाली रेघ मारलेली होती. वाक्य माझेच होते: 'साहेबांची मेंढी पडली असता, पुढील मोठ्या प्रसंगासाठी हुकूम राखून ठेवला.'

मी शाळेत गेलो. मास्तर कपाटाला कुलूप लावत होते.

"ह्या रेघा कशाच्या?"

"तो मोठा प्रसंग कधी आल्ता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही साहेबांची मेंढी मारीत न्हाई. पेशकारची मारता, जल्दी मारता. साहेबांची पडली की तुमचा हात आखडतो."

"मी? मी साहेबांची भीड धरतो?"

"पेशकार तोंडानं वाहवा करतो. तुम्ही पत्त्यानं करता. त्याचं निदान ऐकू तरी येतं."

मी घरी येऊन सगळे मुकदमे पुन्हा काढले. एकोणीस वेळा साहेबांची मेंढी माझ्या हुकमाच्या टप्प्यात आली होती. एकोणीस वेळा मी तिच्यावर किलवरची तिर्री, चौकटची पंजी असला कचरा टाकला होता आणि खाली कारण लिहिले होते. कारणाचे मराठी उत्तम होते.

दसऱ्याआधीच्या शुक्रवारी मी ठरवूनच बसलो. साहेबांची मेंढी पडली की मारायची, मग वकिली राहो की जावो. हुकूम इस्पिकचा होता आणि माझ्या हातात इस्पिकचा राजा होता. बदामाचे एकही पान नव्हते. मास्तरांनी उतारी केली. त्यांच्यानंतर साहेबांची पाळी. साहेबांचा हात वर गेला, थांबला, आणि बदामाची मेंढी सतरंजीवर पडली.

हाच तो प्रसंग. मी राजा उचलला आणि, साहेबांचीच नक्कल झाली असेल, खांद्यावरून खाली आणला. पेशकारांनी बदामाची छक्की टाकली आणि तोंड उघडेच ठेवले.

मग मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, खाली बघा. एक्का कोणाचा आहे?"

"कोणता एक्का?"

"बदामाचा. पहिलं पान."

मी पाहिले. "तुमचा."

"मंग हात कोणाचा होता?"

"आपला."

"मंग तुम्ही मारलं कोणाला?"

पेशकारांचे तोंड मिटले ते हसण्यासाठी पुन्हा उघडले. "मास्तरलाच मारलं की! दिवसाढवळ्या, सरकारच्या समोर!"

साहेबांनी मात्र मोकळ्या मनाने दाद दिली. "बहुत खूब, वकीलसाब. क्या मारा!" एक्का त्यांच्याही लक्षात आला नव्हता.

डाव संपला तेव्हा मेंढ्या दोन-दोन होत्या. हात आमचे सहा, त्यांचे सात. तो राजा माझ्या हातात राहिला असता तर सातवा हात आमचा होता. हे मला वहीत न लिहिताही समजले.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी मास्तरांसमोर डॉक्टर बसले आणि मी भिंतीलगतच्या बाकावर. डॉक्टरांना खेळ धड येत नव्हता. कोणाची मेंढी मारायची नसते हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी साहेबांच्या दोन्ही मेंढ्या मारल्या, पेशकारांची एक मारली, चौथी मास्तरांकडे आपसूक गेली. चारही मेंढ्या घेऊन ती जोडी जिंकली. मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पेशकारांनी वाहवा करायला तोंड उघडले, पण कोणाची करायची ते त्यांना ठरवता येईना. मी साहेबांकडे पाहत होतो.

साहेबांनी डॉक्टरांकडे खोकल्यावरचे औषध मागितले आणि पुढचा डाव वाटायला घेतला.