भावजींनी वाचलेली पत्रं

माझा स्वभाव संशयी. सासरी येऊन मी तशी झाले असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. माहेराहूनच घेऊन आले. माहेर सांगलीजवळ कृष्णाकाठी, आणि सासर औंधच्या बाजूला, जिथं ओढा दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नसे. लढाई चालू होती. नवरा पलटणीत, दूर कुठंतरी. घरात सासरे, मी आणि धाकटा दीर.

हा दीर गावातल्या पाचसहा पोरांचा म्होरक्या. सातवी पास, अंगात खादीचा सदरा आणि डोक्यात नाही नाही ते. ओढ्यावर दगडांचा बांध घालायचा, डोंगरावरची ओली फांदी कुणी तोडायची नाही, विहीर गावकुसाबाहेरच्या माणसांनाही खुली करायची, असं या पोरांनी ठरवलं होतं. म्हातारी माणसं म्हणत, "ही पोरं गाव बुडवणार." बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवसच तसे होते. परका माणूस दारात पाणी मागायला आला तरी हा पोलिसांचा खबऱ्या की पोलीस याच्या मागावर, असा विचार आधी यायचा. मी तर घरातल्या माणसावरही विश्वास ठेवत नव्हते.

कारण बांध आमच्याच शेतात पडणार होता आणि विहीरही आमचीच. वाटणी झाली असती तर तो तुकडा माझ्या नवऱ्याकडे आला असता. सासरे दिराला म्हणाले, "थोरल्याला इचारल्याबिगर एक धोंडा हलवायचा न्हाई." पत्र गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं आणि दिरानं ते सोप्यात उभं राहून वाचलं. "बांध घाला. लागतील तेवढे दगड आपल्या शेताच्या कडेच्या ताली फोडून घ्या. विहिरीवर कुणाला अडवू नका." सासऱ्यांनी पहार काढून दिली.

मला मात्र ते पटलं नाही. शेताच्या हद्दीची बोटभर माती सरकली तरी भांडायला उठणारा माणूस असं लिहील? सासऱ्यांचा अंगठा, मी अडाणी, वाचणारा एकटा दीर. नवरा लढाईवर असताना त्याची जमीन हा गोड बोलून घशात घालतोय, असं मी मनाशी पक्कं केलं. पत्राच्या शेवटी नेहमीचं वाक्य आलं, "घरच्या माणसाला जपा, कामानं झिजवू नका." घरचं माणूस म्हणजे मी. ते ऐकायला मी दरवेळी चूल सोडून दाराआड येऊन उभी राहायची.

त्याच पोरांनी देवळात दुपारचा बायकांचा वर्ग काढला होता. कुणी फिरकत नव्हतं. पहिली मी गेले. दीर हरखला. "लय बरं झालं वैनी, आता बाकीच्या बी येतील." आल्याही. मी कशासाठी आले हे त्या भाबड्याला कुठं ठाऊक! चोर पकडायचा म्हणून मी बाराखडी घोकली. बांधावर भाकरी घेऊन जायची ती पोरांच्या मायेनं नाही, पाणी कुणाच्या तुकड्याकडं वळतंय ते बघायला. पोरांच्या हाताला फोड आलेले असत. मला तेही सोंग वाटे.

पाचसहा महिन्यांनी घरात कुणी नसताना मी पत्रं ठेवलेली पत्र्याची ट्रंक उघडली. अक्षराखाली बोट धरून आधी तेच पत्र वाचलं. बांध घाला, होतं. दगड होते. विहीर होती. शब्दाला शब्द तसाच. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर चोर सापडला नाही म्हणून रागही आला. तशीच पुढं वाचत गेले. सही आली आणि पत्र संपलं. घरच्या माणसाचं वाक्य नव्हतं.

दुसरं पत्र काढलं, तिसरं काढलं. सातही वाचली. सासऱ्यांच्या खोकल्याची चौकशी होती, पावसाची होती, बैलाच्या खुराचीही होती. माझी कुठंच नव्हती. बापाच्या नावच्या पत्रात बायकोची विचारपूस करणं तेव्हा निलाजरेपणाचं मानत, हे मला कळत होतं. तरी मी ट्रंकेपाशी बसून मोठ्यानं रडले. दर पत्राला ते वाक्य दीर आपल्या पदरचं घालत होता.

कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दगड वाहायची पाटी घेतली आणि बांधावर गेले. दीर गडबडला. "आवं वैनी, ह्ये काय?"

"गप बसा भावजी, दगड द्या."

बांध पुरा झाला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी होतं आणि गावकुसाबाहेरच्या बायका घागरी भरून नेत होत्या. तेव्हाच आणखी एक पत्र आलं. दिरानं ते माझ्यापुढं धरलं. "आता तुमीच वाचा."

"मला अजून जोडाक्षरं लागत न्हाईत," मी म्हणाले. "तुमीच वाचा."

तो वाचू लागला. खोकला झाला, पाऊस झाला, बैल झाला. ते वाक्य ऐकायला मी दाराआड न जाता समोरच उभी राहिले. त्यानं सही वाचली, एकदा माझ्याकडं बघितलं आणि कागदाची घडी केली.

"आनि?" मी विचारलं.

"एवढंच हाय, वैनी."

माझी जोडाक्षरं कधीच झाली होती, आणि ती त्यानंच शिकवली होती.