मास्कच्या आधीची दाढी

आमच्या घरी दाढीचा साबण नवा असताना वापरत नाहीत. दुकानातून आणलेल्या गोल वडीचा कागद काढायचा, ती लोखंडी कपाटात कपड्यांच्या मागे वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवायची आणि विसरून जायचं. काही महिन्यांत ती वाळून घट्ट होते. कडेला बारीक भेगा पडतात, नखानं वाजवली तर टक्क आवाज येतो. मग ती स्टीलच्या वाटीत बसते. वडील नव्या वडीला ‘कोवळी’ म्हणतात. कोवळ्या वडीवर ओला ब्रश फिरवला की अर्धी वडी पाण्यात जाते, आणि पावसाळ्यात तर तिचा चिखलच होतो.

वाटीचीही शिस्त होती. दाढी झाली की वर राहिलेला फेस धुऊन टाकायचा, पाणी पूर्ण निथळायचं आणि वाटी खिडकीत तिरकी ठेवायची. झाकण नाही. ब्रश खिळ्याला, केस खाली. आषाढात खिडकीतली हवाच ओली असते, म्हणून वाटी फ्रिजवर मागच्या बाजूला जायची, तिथे थोडी ऊब असते. वडी झिजून मधोमध खड्डा पडला, मग नुसती कडी उरली, की ती कडी ओली करून पुढच्या वडीवर दाबायची.

वडील धाटावच्या एका रसायन कंपनीत ऑपरेटर होते. घर वरसे गावात, तिथून कंपनीची बस. त्यांची दाढी शिफ्टप्रमाणे होत असे. पहिल्या शिफ्टला पहाटे, दुसरीला जेवणाआधी, रात्रपाळीला दिवेलागणीच्या वेळी. बस यायच्या आत गाल गुळगुळीत हवे, कारण गॅसचा मास्क. त्याच्या रबराची कड कातडीवर बसावी लागते. एका दिवसाचे खुंट असले तरी फट राहते. मास्क चढवला की पुढच्या, हवा गाळणाऱ्या डब्याचं तोंड तळहातानं बंद करून श्वास आत ओढायचा. रबर गालाला चिकटलं तर मास्क बरोबर बसला. श्रावणात आळीतले पुरुष दाढी वाढवत, वडिलांची रोज होई. घरात सुतक असतानाही झाली होती. त्यावरून आत्या म्हणायची, “कंपनीनं पगार दिला आणि धरम नेला.” वडील ब्रश झटकत म्हणत, “धरम हाय की. फकस्त तो बिनदाढीचा हाय.”

निवृत्तीनंतरही दाढी रोज होत राहिली. वेळ तेवढी एकच झाली.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना पनवेलच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. फुप्फुसं विड्यांनी गेली की कामानं, यावर तिथले डॉक्टर काही बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. घरी आले ते श्वासाचं यंत्र घेऊन. नाकातोंडावर बसणारा मास्क, त्याला जाड नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटीएवढं मशीन. रोह्याच्या डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून सांगितलं की यांचा श्वास बाहेर नीट टाकला जात नाही, नको असलेला वायू रक्तात साठतो, त्यानं गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं. झोपेत आणि दुपारी मास्क लागलाच पाहिजे. लागला नाही तर पुन्हा दाखल करावं लागेल, आणि त्या वेळी घशात नळी घालावी लागली तर ती पुन्हा निघेल याची खात्री देता येणार नाही.

मशीन बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला, “काका, दाढी रोज करा. नायतर हवा बाजूनं जाते.”

वडील बऱ्याच दिवसांनी हसले. “ह्यो मला शिकवायला आलाय,” ते आईला म्हणाले.

पण हात थरथरत होते. हनुवटीखाली दोनदा कापल्यावर त्यांनी रेझर खाली ठेवला. न्हाव्याला घरी बोलवायचं त्यांनी नाकारलं, त्याचा साबण आणि त्याचा ब्रश त्यांना नको होता. मी पेणला राहते. कामं घरून करता येतात, म्हणून आठवड्यातले बरेच दिवस वरशाला जाऊ लागले. मी असेन तेव्हा दाढी मी करायची, नसेन तेव्हा आईनं. पहिल्या दिवशी मी फार जपून हात चालवत होते.

“बाय,” ते फेसातून म्हणाले, “काच पुसतेस काय? जरा दाब. मी काय फुटणार नाय.”

दुपारच्या जेवणानंतर दाढी, चेहरा पुसला की मास्क. वडील तळहात मास्कच्या पुढे धरून बघत आणि मान हलवत. पावसाळाभर हे चालू होतं. गुंगी कमी झाली. ते पेपर वाचू लागले, आईशी भांडू लागले.

दसऱ्याच्या सुमाराला वाटीतली वडी संपत आली. कपाटातली नवी, घट्ट झालेली वडी काढली, उरलेली कडी तिच्यावर दाबली. त्यानंतरच्या आठवड्यात पहिल्यांदा ते घडलं.

दुपारी मास्क लावून ते पडले होते. थोड्या वेळानं उठून बसले, पाय खाली सोडले आणि मास्क तसाच ठेवून चालू लागले. नळी ताणली गेली, मशीन स्टुलावरून घसरलं. ते मी पकडलं.

“अवो, कुठं निघालाव?” आई स्वयंपाकघरातून धावली.

त्यांनी हातानंच बाजूला हो म्हटलं. नळी मशीनमधून निसटली. मास्क तोंडावर, नळी मागे फरफटत, असे ते बाहेर ओट्यावर गेले, कठडा धरला आणि मग मास्क काढला. ओठ निळसर झाले होते.

“वास येतो,” ते म्हणाले.

“कसला?”

“आत. आत वास येतो.”

मी मास्क हुंगला. प्लास्टिकचा आणि थोडा थुंकीचा, एवढाच वास होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रात्रीही उठतात, असं आईनं सांगितलं. संध्याकाळी शेजारचे काका चहाला आले. ते वडिलांबरोबर त्याच प्लँटमध्ये होते.

“काय रं, परत शिफ्टला चाल्लास?” ते वडिलांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “ओव्हरटाइम मिळतोय का इचार आधी.” मग माझ्याकडे वळले. “बाय, ह्यो कायद्याप्रमाणं चाललाय. मास्कमधी वास आला म्हंजे डबा संपला. तितंच मास्क काढायचा नाय. आधी भाईर, गेटाच्या भाईर, मग काढायचा. आमाला असंच शिकवलान.”

म्हणजे वडील काय करतात हे समजलं. का करतात, याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. वायू साठला की डोकं गोंधळतं, नसलेले वास येऊ शकतात, जुन्या गोष्टी आता घडताहेत असं वाटतं. मास्क जास्त वेळ राहिला की हे जाईल. काही दिवस हात धरून ठेवा, ते म्हणाले.

वास येतो म्हणून मास्क निघायचा आणि मास्क निघतो म्हणून वास येतो असं ठरलं होतं. तेव्हा आई खाटेच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला बसू लागलो. ते उठायला लागले की आम्ही मनगटं धरायचो. ते जोर करत. वरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून तोंड हलताना दिसे, शब्द कळत नसत. मग जोर सोडून देत आणि छताकडे बघत. आई त्यांच्याकडे न बघता म्हणायची, “थोडा वेळ. थोडा वेळच हाय.” श्वास मोजणाऱ्या आकड्यांत सुधारणा नव्हती. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन खाली येत होता. पनवेलला न्यायची पिशवी आईनं भरून दाराशी ठेवली होती.

अशाच एका दुपारनंतर मला कामासाठी पेणला यावं लागलं. रोह्याहून गाडी सुटली. नागोठण्याच्या पुढे मी आईनं दिलेलं केळं सोललं आणि तोंडाजवळ नेलं तेव्हा वास आला. डांबरगोळीचा. केळं हुंगलं, त्याला नव्हता. ओढणीला नव्हता, पिशवीला नव्हता. उजव्या हाताच्या बोटांना होता, नखांच्या कडेला जास्त. निघताना मी हात धुतले होते. घरात हा वास जाणवला नव्हता, कारण घरालाच तो होता. आम्ही पनवेलला असताना कपाटात कसर लागून आईच्या दोन साड्या गेल्या होत्या. परत आल्यावर तिनं सगळ्या कप्प्यांत डांबरगोळ्या टाकल्या होत्या, एरवी ती कडुनिंबाचा पाला घालायची.

त्या हातानं मी दिवसभरात काय काय धरलं होतं ते आठवत कासू स्टेशन आलं. रेझर, ब्लेड, वाटी, ब्रश. ब्रशनं जमेना म्हणून हनुवटीखालचा फेस मी बोटांनीच लावला होता.

मी आईला फोन केला. वाटी घेऊन रस्त्यावर जा, घरापासून लांब, आणि गरम पाणी घालून वास घे, असं सांगितलं. ती म्हणाली, आता? मी म्हटलं, आता. थोड्या वेळानं तिचा फोन आला.

“डांबरगोळी गो ही,” ती म्हणाली. “साबणात मुरलीय. नुसती हुंगली तर कळत नाय. पानी घातल्याबरोबर उठली.”

उघड्या चेहऱ्यावरून तो वास निघून गेला असता. आता फेस पुसल्यावर लगेच वर मास्क बसत होता आणि आत गरम, ओली हवा खेळत होती. मी मास्क हुंगत असे, पण तो काढून वारा लागल्यावर.

दुसऱ्या दिवशी पेणमध्ये साबण शोधला. मधल्या काळात फोमचा डबा आणून बघितला होता, त्याच्या सुगंधानं वडिलांना ढास लागली होती. सलूनचं सामान विकणारा दुकानदार म्हणाला, “वडी कोण घेतो आता, ताई? क्रीम न्या.” मग मागच्या फळीवरून दोन वड्या काढून दिल्या. त्या मी वरशाला नेल्या. आधी वडिलांच्या हातात जुनी वाटी दिली, गरम पाणी घालून. त्यांनी ती नाकाशी धरली, लांब केली, परत धरली.

“हां. ह्योच,” ते म्हणाले. मग वाटीकडे बघत म्हणाले, “मंग कंपनीतला नव्हता.”

“नव्हता, बाबा.”

“मला वाटला, कंपनीतला.”

आई कपाट रिकामं करत होती. डांबरगोळ्या तिनं कागदात बांधून बाहेर टाकल्या. कपाटातल्या उरलेल्या वड्या ओट्याच्या कठड्यावर वाऱ्याला ठेवल्या. टाकून द्यायला वडिलांनी नकार दिला होता.

नवी वडी कोवळी होती. ब्रश फिरवताच तिचा थर सुटून वाटीत पांढरं पाणी साचलं. “बघ, चालली वाहून,” वडील म्हणाले. पण दाढी करू दिली. मास्क चढवला, तळहात धरून बघितला आणि पडून राहिले. आम्ही दोघी सवयीनं दोन बाजूंना बसलो होतो. हात धरावे लागले नाहीत. त्या आठवड्यात ऑक्सिजनचा आकडा वर आला. दाराशी ठेवलेल्या पिशवीतले कपडे आईनं परत कपाटात लावले.

दिवाळीनंतर एका दुपारी ते पुन्हा उठले.

मी आधी वाटी हुंगली, गरम पाणी घालून, बाहेर नेऊन. मग टॉवेल, उशी, नळी. काहीच नव्हतं. शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी प्रत्येक वस्तू नाकाशी धरली आणि खाली ठेवली.

“मला तर काय येत नाय,” ते म्हणाले. “पन माझा नाक पन त्याच प्लँटचा हाय, बाय. माझ्यावर जाऊ नको.”

रक्त तपासलं. वायू साठला होता. डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं आहेत तशीच राहतील, मास्क टिकेल तितकं बरं.

पुढच्या दुपारी वडिलांनी पाय खाली सोडले तेव्हा मी मनगट धरायला पुढे झाले. आईनं मला बाजूला केलं. तिनं मशीन उचलून काखेत धरलं. लांब वायरचा बोर्ड तिनं सकाळीच लावून ठेवलेला होता. वडील चालू लागले, ती नळी सैल ठेवत त्यांच्या मागे चालली. दोघं ओट्यावर पोचले. वडिलांनी कठडा धरला आणि दुसरा हात मास्कच्या पट्ट्याकडे नेला.

“अवो, गेट नाय आला अजून,” आई म्हणाली.

ते थांबले. तिच्याकडे बघितलं.

“हितं काढायचा नाय. गेट लांब हाय. बसा जरा, मग जाऊ.”

त्यांनी पट्ट्यावरचा हात खाली घेतला. आईनं पायानं खुर्ची पुढे ओढली. ते बसले. मशीन तिनं मांडीवर घेतलं आणि बाजूच्या पायरीवर बसली. कठड्यावर वाऱ्याला ठेवलेल्या वड्या होत्या, समोर रस्ता होता, त्यावरून कंपनीची दुसऱ्या शिफ्टची बस गेली. वडिलांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली. मास्कच्या आतल्या बाजूला वाफ धरत होती आणि विरत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी मास्कच्या पट्ट्याकडे बोट करून विचारलं. आईनं रस्त्याच्या टोकाकडे बघितलं.

“नाय अजून,” ती म्हणाली. “आला की सांगते.”