आधी तुम्ही सोडा, डॉक्टर

आमच्या घराखालीच बाबांचा दवाखाना होता. पुढे तपासायची खोली, मागे औषधांची. मागच्या खिडकीत उभं राहून बाबा सिगारेट ओढायचे. मग चूळ भरून, हात धुऊन पेशंटसमोर बसायचे आणि दटावायचे, "सिगारेट बंद म्हणजे बंद!" मी शाळेतून आले, की स्पिरिट आणि तंबाखूचा मिसळलेला वास जिन्यातच भेटायचा. बाबा खाली आहेत, हे त्यावरूनच कळायचं.

एकदा एक बस ड्रायव्हर खोकत आला. बाबांनी छाती तपासली आणि नेहमीचं भाषण सुरू केलं. त्याने शर्टाची बटणं लावत ते निमूट ऐकलं.

"सोडतो की. पण आधी तुम्ही सोडा, डॉक्टर. तुमच्या हातांना वास येतोय."

मी चहाचा कप न्यायला आले होते, ती दारातच थिजले. बाबांचा चेहरा लालबुंद झाला आणि मग ते खो खो हसत सुटले.

"बरं, दोघं मिळून सोडू."

त्यानंतर ड्यूटी संपली, की ड्रायव्हरकाका यायचे. दोघं बाकावर लवंग चघळत बसायचे. घरात मात्र बाबा भाजीत मीठ कमी म्हणून भडकायचे, पेन सापडेना म्हणून कंपाउंडरवर खेकसायचे. आई हात जोडायची, "ओढा एकदाची, पण आम्हाला छळू नका!"

पुढे माझी आत्या अचानक गेली आणि बाबा पुन्हा खिडकीत दिसले. काका आले तेव्हा बाबांनी आपणहून सांगितलं, "माझ्याच्याने होत नाही. तुम्हीही हवी तर ओढा."

काकांनी त्यांच्या तळहातावर लवंग ठेवली. "आज नाही ना ओढली अजून? मग बसू."

बाबांची सिगारेट पुढे कितीदा सुटली नि लागली, मग कायमची गेली. भाषण मात्र काकांनी लवंग दिली त्याच दिवशी थांबलं. पेशंटला ते विचारायचे, "सगळ्यात जास्त कधी ओढावीशी वाटते?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. बाहेर माणसं खोळंबायची, कंपाउंडर दारातून डोकावून जायचा.

म्हातारपणी बाबा आणि काका टेकडीवर फिरायला जायचे. मीही कधी सोबत असायचे. अर्ध्या चढावर दोघांनाही धाप लागायची.

"थांबायचं का?" बाबा विचारायचे.

"तुम्ही दमला असाल तर," असं म्हणत काका आधी स्वतःच कठड्यावर टेकायचे.