मी त्याचा माणूस मारला

परदेशी मालिकेतल्या दोन पोलिसांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि शेवटच्या भागात त्यातल्या एकाला गोळी घालून मारलं, एवढ्यावरून मी आणि माझा एक मित्र आठवडाभर धड जेवलो नव्हतो. दोन हजार आठचा सुमार, दोघेही पंचविशीत. मी नवीन पनवेलच्या नोकरदार घरातला, एका कंपनीत कारकून. तो पनवेल गावातल्या कोकणी मुसलमान घरातला. थोरला भाऊ कुवेतला, म्हणून चपलांचं दुकान याच्या गळ्यात. मालिका आम्ही दुकानाच्या माळ्यावर त्याच्या कम्प्युटरवर पाहिली आणि तिच्या लेखकाला मनसोक्त शिव्या घातल्या.

शिव्या संपल्यावर ब्लॉग काढला. मेलेल्याला जिवंत केलं आणि दोघांना पनवेलजवळ सुकापूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. एक पोलीस त्याचा, एक माझा. एक प्रकरण त्याने लिहायचं, पुढचं मी, आणि दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही. वाचक चाळीसेक, सगळे रडून दमलेले. त्याचा पोलीस उरणजवळ करंजा बंदराला जाऊन सुक्या बोंबलांचा भाव करायचा. गोऱ्या माणसाला बोंबील कसे कळतात, असं कुणी विचारलं की हा लिहायचा, मेलेला उठून बसलेला चालतो, मग बोंबलांनीच काय घोडं मारलंय.

करंजाला खरं तर आम्हीच जायचो, त्याच्या मोटारसायकलवरून. हेल्मेट एकच होतं, ते तो मला घालायला लावायचा.

एका प्रकरणात त्याचा पोलीस माझ्या पोलिसाला म्हणाला, "तू मागे बसलास की मी मुद्दाम सावकाश चालवतो. घर लवकर येऊ नये म्हणून." हे कुणी कुणाला सांगितलं, ते मला पहिल्या वाचनातच कळलं. घरी माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं. मी घाबरलो. त्याआधी क्षणभर आनंद झाला होता, त्या आनंदाचाच मला राग आला, आणि तो मी त्याच्यावर काढला. वड्याचं तेल वांग्यावर.

पुढचं प्रकरण मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, एका बैठकीत लिहिलं. उरण रस्त्यावर मोटारसायकल, समोरून कंटेनरचा ट्रेलर. त्याचा पोलीस मेला, कारण हेल्मेट मागच्याच्या डोक्यावर होतं. मालिकेवाल्याने निदान एका गोळीत संपवलं होतं; मी पाऊण पान तडफडवला. वाचक ढसाढसा रडले. तुझं आजवरचं सर्वांत चांगलं लिखाण, म्हणाले. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तो एका बाईंना चपला दाखवत होता. त्या जाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

मग म्हणाला, "समोर बसून नाही म्हणाला असतास तरी मी ऐकलं असतं. माझं हेल्मेट कशाला वापरलंस?"

मी म्हणालो, गोष्टच आहे ती, एवढं काय मनावर घेतोस.

"बरं," तो म्हणाला. "आता पाळी माझी."

मला वाटलं, माझ्या पोलिसाची तो चटणी करणार. त्याने त्याच्या केसालाही धक्का लावला नाही. थाटात लग्न लावून दिलं. सुगरण बायको, दोन मुली, बढती, सुकापूरलाच स्वतःचा तीन खोल्यांचा फ्लॅट. तब्येत ठणठणीत, आयुष्य नव्वद वर्षं. फक्त त्या घरात मेलेल्याचं नाव त्याला एकदाही घेता येत नाही. रोज पोटभर जेवतो आणि झोपतो, असं शेवटी लिहिलं होतं. वाचकांना ते प्रकरण कंटाळवाणं वाटलं.

नंतर ब्लॉगवर कुणीच काही लिहिलं नाही. तो भावाकडे कुवेतला गेला, असं मागाहून कुणाकडून तरी कळलं. माझं लग्न त्याच वर्षी झालं. धाकटी आता सातवीत आहे. ते प्रकरण मी अजूनही उघडतो आणि त्यातलं एखादं वाक्य तरी खोटं ठरलंय का, ते शोधतो. अजून एकही सापडलेलं नाही, आणि नव्वद व्हायला मला एकोणपन्नास वर्षं आहेत.