बंदराची सुनावणी

वरूडला त्या दिवशी कोरड्या बंदराची सुनावणी होती. संत्री, कापूस कंटेनरमध्ये भरून इथूनच परदेशी पाठवायचा, त्यासाठी म्हणे जागा निवडायची होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी होती. तिचं नाव मी विचारलं नाही. भोंग्यावर 'बंदराची सुनावणी' ऐकून ती माकडांची तक्रार घेऊन आली होती. आमच्याकडे बंदर म्हणजे माकडच.

तिनं पिशवीतली उष्टी संत्री साहेबांच्या टेबलावर मांडली. प्रत्येकाची चावलेली बाजू साहेबांकडे वळवली.

"सायेब, किती अर्ज देले. कोनी पाहाले बी येत नाई."

साहेब खदाखदा हसले. "आजी, हे मालाचं बंदर!"

सभागृहही हसलं. मला त्यातलं एक संत्रं साहेबांच्या तोंडावर मारावंसं वाटलं.

"मंग जागा कोनती?" तिनं विचारलं.

साहेबांनी नकाशा दाखवला. निवडायची कसली, लाल रेघ आधीच मारलेली होती. नाल्याकाठचे सगळे बगीचे आत होते, तिचाही.

तिनं एकेक संत्रं परत पिशवीत भरलं.

"बंदरं हाकलता नाई आले तुमाले," ती म्हणाली, "अन् मले हाकलून राहिले."