सुनेच्या गाडीचा गंज

चहा घ्या, गार होईल. तुम्ही घेता घेता मी सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीतून हा किस्सा तुमच्या कानावर येणारच आहे, आणि गल्लीतल्या बायका त्याला दोन फोडण्या जास्त देतात. फक्त एक करा. आमच्या सुनेसमोर हसू नका. ती स्वतः काही बोलत नाही, पण खाली मान घालून खुदकन हसते, आणि ते हसणं मला निर्जळी एकादशीपेक्षा जड जातं!

सून म्हणजे आमची ऋतुजा. लग्नाला वर्षच झालेलं. मुलगा सकाळी रेल्वेनं परभणीला नोकरीला जातो, ही सेलूला घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते. गुणी पोर. कुणाला साड्यांचा नाद असतो, कुणाला दागिन्यांचा. हिला नाद गाड्यांचा! खऱ्या नव्हे हो, चिमुकल्या. डब्यात सुटे भाग येतात, प्लास्टिकचे, काही तर नखाएवढे. ते चिमट्यानं उचलायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीची हुबेहूब गाडी तयार.

या खेपेला तिनं घेतली होती अमेरिकेतली जुनी गाडी. आपल्या आजोबांच्या काळातली. लांबलचक, लालभडक, टप उघडा, आणि मागं माशाच्या शेपटीसारखे दोन पंख. खरी आली असती तर आमच्या गल्लीत वळलीच नसती! संभाजीनगरला अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, दसऱ्यानंतरच्या रविवारी. तिथं हिची गाडी पहिल्यांदाच जाणार होती. पोरगी कधी काही मागत नाही, पण एकदा पोळ्या लाटता लाटता हळूच म्हणाली, "आई, एखादा नंबर आला तर लय बरं वाटंल."

झालं! मला तेवढंच हवं होतं. मी घटासमोर बसून देवीला बोलले, "आई, सुनेच्या गाडीला नंबर दे. निकाल लागेपर्यंत मी गोडाला शिवणार नाही." आता मला गोड किती लागतं, हे तुम्ही मघाशी साखर घालताना पाहिलंच. त्यावर आमचे हे, म्हणजे ऋतुजाचे सासरे, म्हणाले, "देवीलाबी कोड्यात टाकलंस. तिनं आता रंगकाम बघावं का तुझी शुगर बघावी?"

हे असे. जाऊ द्या.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आपण काय करतो? घरातली हत्यारं, यंत्रं, वाहनं धुऊन पुसून पुजतो. विळी झाली, यांचं पान्ह्यांचं पाकीट झालं, शिलाई मशीन झालं, स्कूटर झाली. तेवढ्यात मनात आलं, अगं बाई, सुनेची गाडी राहिली की! ऋतुजा सकाळच्याच रेल्वेनं परभणीला गेली होती, प्रदर्शनाला गाडी न्यायची म्हणून काचेची पेटी आणायला. म्हटलं, ती यायच्या आत पूजा करून ठेवू. केवढी हरखेल!

तिच्या टेबलावरचं फडकं उचललं आणि बघते तर काय!

श्रावणात मी पाहिली तेव्हा गाडी कुंकवासारखी लाल होती. आणि आता? दारं तांबारलेली. पंखांचे पोपडे निघालेले. चाकांना चिखल. एका चाकाची चकचकीत टोपीच गायब! मागची सीट फाटून आतला कापूस बाहेर! पावसाळ्यात आमच्या घरात कशाकशाला ओल धरते म्हणून सांगू? पापडाला धरते, पिठाला धरते, तव्याला धरते. धरली असणार गाडीलाही! आणि पोरीनं लाजेनं फडकं टाकून झाकून ठेवलीय!

रडू की काय करू? शेवटी पदर खोचला. कोमट पाणी घेतलं, भांड्यांचा साबण घेतला, जुना दातांचा ब्रश घेतला. आणि काय सांगता, हात लावायचा अवकाश, गंज भराभरा निघाला! पाणी कसं काळंतांबडं झालं. मी देवीचं नाव घेत घासतेय, आणि आतून लाल रंग असा झळकतोय! मला तर वाटलं, नवस पावायला लागला.

मग हात थांबतात होय? फाटक्या सीटवर हिरव्या खणाचा तुकडा चिकटवला, जरीचा काठ वर येईल असा. टोपी नसलेल्या चाकाला रुपेरी टिकली बसवली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार करायला गेले तर एकाच फुलात निम्मी गाडी झाकली, म्हणून पाकळ्यांचा केला. राहिलं काय? लिंबू! नवी गाडी लिंबावरून गेल्याशिवाय पूजा पुरी होते का?

फ्रिजमधलं सगळ्यात लहान लिंबू चाकाखाली ठेवलं. ते चाकापेक्षा मोठं! गाडी काही चढेना. मी जरासं दाबलं. लिंबू फुटेना. मी आणखी दाबलं.

कट्ट!

लिंबू नव्हे हो, चाकाचा दांडा! मोडलेला दांडा फेविक्विकनं चिकटवला. गाडी उजवीकडं जरा कलली, पण हाराखाली कुणाला कळतंय?

चारला ऋतुजा आली. मी तिला चप्पलही काढू दिली नाही. "डोळे मीट आधी!" म्हणून हाताला धरून देवघरासमोर नेली. "उघड!"

तिनं डोळे उघडले. ते उघडेच राहिले.

"आई... गंज कुठंय?"

"गेला!" मी म्हटलं. "मुळासकट गेला!"

"आन् चाकाचा चिखल?"

"घासून काढला!"

"सीट फाटलेली होती ना मागची?"

"आता जन्मात फाटायची नाही!"

पोरगी वाकून सीटवरचा खण बोटानं चाचपायला लागली. मला वाटलं, आनंदानं निरखतेय. मी म्हटलं, "अगं, ओल लागली तर लाजायचं काय त्यात? मला सांगायचंस की!"

तेवढ्यात मागून हे आले, हातात झेंडूची पिशवी. गाडीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अगं, हे काय करून बसलीस? तो गंज तिनं लावलेला होता! रानात पडून राहिलेली जुनी गाडी दाखवायची होती तिला. पोळ्यापासून लेकरू गंजाचा एकेक डाग रंगवायलंय!"

"लावलेला? गंज कुणी लावतं का?"

"आन् मला एक सांग, प्लास्टिकला गंज चढतो का गं?"

नखाएवढे प्लास्टिकचे भाग येतात, हे मीच तुम्हाला मघाशी सांगितलं ना? मला ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं! पण खंडेनवमीला माझ्या हातात ब्रश आला की डोकं चालत नाही.

ऋतुजानं गाडी उचलली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही हो. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं! मी बाहेर उभी. ज्या पोरीनं वर्षभरात एवढंच काय ते मागितलं, तिच्या कष्टांवर मी साबण फिरवला होता. यांना मात्र सुचतंय, "तुझं गोड आता कायमचं बंद समज!"

घटकाभरानं दार उघडलं. डोळे लाल, पण आवाज नेहमीचाच. "आई, मला एकटीला रविवारपर्यंत उरकायचं न्हाई. तुमी काढलाव, आता तुमीच लावू लागा."

आणि म्हणून दसऱ्याच्या दिवशी, सगळं जग लोखंड लखलखीत करून पुजत असताना, मी स्पंजाचा तुकडा घेऊन गाडीला गंज लावत बसले! प्रत्येक ठिपक्याला देवीची माफी मागत होते.

"आई, काय करायलाव? ओळीत नका लावू. रांगोळी हाय का ही?"

"मग कसं लावू?"

"कसंबी लावा. मन लावून नका लावू!"

आयुष्यात कुणी मला असं सांगितलं नव्हतं. पण जमलं हो! पुढं पुढं तर सूनच म्हणाली, "हा पंख तुमाला माझ्यापरीस चांगला साधलाय." मोडका दांडा तिनं तसाच ठेवला. पडीक गाडी अशीच कललेली असते म्हणे. प्रदर्शनात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि ऋतुजानं पहिला पेढा स्वतःच्या हातानं मला भरवला. तिथंच किस्सा संपला असता तर किती शोभला असता!

पण मला आता कळायला लागलं होतं ना, कलाकुसर म्हणजे काय ते! गाडी बैठकीतल्या फळीवर ठेवली. काचेच्या पेटीचं झाकणही उघडंच ठेवलं, बारकावे नीट दिसावेत म्हणून. मी काही तिकडं फडकं फिरकू दिलं नाही. दिवाळीच्या तोंडावर भजनाच्या बायका आल्या. त्यांना फळीपुढं उभं केलं आणि सांगायला लागले, "ही धूळ बघा. पुसायची नसते, मुद्दाम असते. आणि हे आरशापासून पंखापर्यंतचं जाळं! केसाहून बारीक तार ओढलीय सुनेनं. नजर ठरत नाही!"

शेजारच्या शकूवहिनी चष्मा सावरून वाकल्या. "खरंच गं बाई! आन् मधी कोळीबी बसवलाय की, हुबेहूब!"

"मग! आठही पाय मोजून घ्या!" मी म्हटलं.

वहिनी मोजायला लागल्या. पाचव्या पायाशी कोळी उठला आणि चालत चालत प्रसादाच्या ताटाकडं निघाला.